मुरत घातलेलं इंजिन

दाऊने आपली जुनी चारशेचार पिकअप दुरुस्तीला काढली तेव्हा सगळ्यात आधी ब्रेक नवे केले, आणि खालच्या तामलिल गावाला वर्षभर पुरेल एवढं हसू दिलं. इंजिन मेलेलं, टायर जमिनीला टेकलेले, बॉनेटखाली पालींनी संसार थाटलेला, आणि हा पठ्ठ्या चारी चाकं काढून ब्रेकचे ड्रम घासत बसलेला. चहाच्या दुकानातून उठलेला माणूस घरी जायच्या आधी मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या अंगणात डोकावायचा.

"काय दाऊ, मढ्याला लगाम घालतोयस?"

"चालणं तिच्या मर्जीवर आहे," दाऊ मान वर न करता म्हणायचा, "थांबवणं तरी माझ्या हातात असू दे."

दाऊ तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. लहान चणीचा, मोठ्या कानांचा, डोक्याला पिवळट पडलेलं मुंडासं. तीस वर्षांपूर्वी तातावीनच्या बाजारातून त्याने ही फिकट निळी पिकअप आणली होती, मागे ताडपत्रीची कमान असलेली. त्या दिवशी दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या बंपरवर बोकडाच्या रक्ताचा पंजा उमटवला होता. पंजा कधीच उडून गेला, पण दाऊ अजून बंपर पुसताना तेवढी जागा सोडून पुसायचा.

गाडी त्याने घेतली ती पाण्यासाठी. वरचं तामलिल म्हणजे डोंगराच्या कड्यात ओळीने कोरलेली घरं. उन्हाळ्यात आत शिरलं की अंगावर ओलं फडकं टाकल्यासारखं वाटावं, अशी थंड. पावसाचं पाणी खडकातल्या टाक्यांत साठवायचं, आणि ते आटलं की खालून आणायचं. खालपासून वरपर्यंत सहा किलोमीटरचा चढ. शेवटच्या टप्प्यावर दोन धोंडींच्या मधून रस्ता असा काही मुरडतो की त्या वळणाला नावच पडलं होतं 'उंटाची मान'. नव्या रुंद गाड्या तिथे अडकायच्या. नगरपालिकेच्या नव्या पिकअपने एकदा जोर करून पाहिला, दोन्ही आरसे धोंडींना अर्पण केले आणि ती आल्या पावली परत गेली. त्या मानेतून पलीकडे जाणारी चारचाकी पंचक्रोशीत एकच, ती दाऊची.

पण एक गोष्ट अशी होती की जी दाऊला कोणी तोंडावर सांगत नसे, त्याची थोरली बहीण मबरूका सोडून. गाडी पाणी घेऊन वर जायची ती भरलेली, आणि खाली यायची तीही भरलेली. सरकारने सपाटीवर सिमेंटची घरं बांधून दिली, नळ दिले, शाळा दिली, आणि एकेक घर उतरू लागलं. कोणाचं जातं, कोणाचे रांजण, कोणाची गाद्यांची चवड, सगळं दाऊच्याच गाडीतून. पहिला संसार उतरला तो तर दाऊचा स्वतःचाच.

"तू पाणी वर आणतोस आणि माणसं खाली नेतोस, खुया," मबरूका म्हणायची. खुया म्हणजे माझ्या भावा. ती भांडतानाही त्याला खुयाच म्हणे. "तुझी गाडी नसती तर आम्ही तहानेने मेलो असतो, पण इथंच मेलो असतो."

वर आता चार घरं उरली होती. आदल्या सुगीत गाडीचं मूळ पेट्रोलचं इंजिन गेलं. गेलं म्हणजे अचानक नाही गेलं. दोन वर्षं ते पेट्रोलपेक्षा तेलच जास्त पीत होतं, आणि मागे असा धूर सोडत होतं की वरच्या बायका धूर बघून रांजण धुवायला घेत. गाडी बसल्यावर त्या चार घरांनी दोन म्हाताऱ्या गाढवांवर कशीबशी वेळ निभावली. मग मबरूकाने निरोप धाडला : पुढच्या सालचे अंजीर वाळेपर्यंत गाडी मानेतून वर आली तर आम्ही राहू. नाही आली तर चारही घरं उतरतील.

दाऊने तो निरोप ऐकला, मुंडासं काढून परत बांधलं, आणि उस्ता बेलगासमच्या दारात जाऊन उभा राहिला.

बेलगासम तातावीनमध्ये चाळीस वर्षं इंजिनं उघडत आलेला मेकॅनिक. सगळे त्याला उस्ता म्हणत. हात इतके काळे की हम्मामवाला त्याला बघून आधीच जास्तीचा साबण काढून ठेवी. त्याने बॉनेट उघडलं, पाली पळाल्या, आणि त्याने बॉनेट बंद केलं.

"हे इंजिन आता रंगरंगोटी करून लग्नात ठेवायच्या लायकीचं आहे. दुसरं बघ. डिझेलचं बघ. पेट्रोलला वेग असतो, डिझेलला कंबर असते. तुला डोंगर चढायचाय, शर्यत नाही लावायची."

डिझेलचं इंजिन मिळालं ते कोंबड्यांच्या खुराड्यात. हद्दा नावाच्या विधवेच्या वाड्यात तिच्या नवऱ्याची भाड्याची लांब गाडी, पाचशेचार, बारा वर्षं पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. हद्दा म्हणाली, "इंजिन न्या, पण सीट राहू द्या. कोंबड्यांना सवय झालीय." बेलगासमने त्याच घराण्यातलं इंजिन म्हणून पसंत केलं, आणि दोघांनी खजुराच्या तीन खोडांची तिवई उभी करून, साखळीची कप्पी लावून ते बाहेर ओढलं. वर लटकलेल्या इंजिनातून एक अंडं खाली पडलं. फुटलं नाही. दाऊने तो शुभशकुन मानला. बेलगासमने ते अंडं तिथल्या तिथे हरिसाची तिखट चटणी लावून खाल्लं.

हिवाळाभर, वसंतभर ते काम चाललं. बेलगासम शुक्रवार सोडून रोज दुपारनंतर यायचा. इंजिन सगळं सुटं केलं. नवे लायनर, त्यांत खालीवर होणारे नवे पिस्टन, नव्या रिंगा. क्रँक घासून आणला. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा जाड टाकल्या आणि इंजिन बसायच्या जागी लोखंडाचे नवे कान जोडले. दाऊ प्रत्येक बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा आणि आपल्या बायकोच्या कुसकुसचा रवा चाळायच्या चाळणीत वाळत घालायचा. एक दिवस ती चाळणी घेऊन बायको माहेरी निघून गेली. तीन दिवसांनी परत आली, नवी चाळणी घेऊन. जुनी त्याच्यासाठी.

एकच गोष्ट जमली नाही. या इंजिनाला मोठा रेडिएटर हवा होता, तो कुठेच मिळेना. जुनाच झाळून, धुवून बसवला.

"सपाटीला पुरेल," बेलगासम म्हणाला. "चढाचं पुढे बघू. आधी इंजिन मुरू दे."

जुलैच्या अखेरीस इंजिन सुरू झालं. पहिल्या धक्क्याला खोकलं, दुसऱ्याला थुंकलं, तिसऱ्याला धडधडलं. चहाच्या दुकानातली झाडून सगळी माणसं अंगणात जमली होती. कोणी हसलं नाही. दाऊने ओल्या डोळ्यांनी बेलगासमच्या काळ्या हाताचं चुंबन घेतलं, आणि ओठ दोन दिवस काळे घेऊन हिंडला.

"आता ऐक," बेलगासमने बोट उगारलं. "लोणचं घातल्या दिवशी वाढतात का? नवे पिस्टन नव्या लायनरमध्ये घट्ट बसलेत. त्यांना एकमेकांची ओळख व्हायला हवी. हजार किलोमीटर. रिकामी गाडी. सपाट रस्ता. वीसच्या वर काटा जाता कामा नये. आणि डोंगराकडे बघायचंसुद्धा नाही."

"बघायचंही नाही?"

"तू बघितलंस की तुझा पाय दाबतो. मी ओळखतो तुला."

मग दाऊ रोज पहाटे निघायचा, तातावीनच्या सपाट रस्त्याला लागायचा, पंचवीस किलोमीटर जायचा आणि पंचवीस परत यायचा. जाताना काही न्यायचा नाही, येताना काही आणायचा नाही. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने रोज तोवरचे एकूण किलोमीटर लिहायचा. मेंढ्यांचे कळप त्याला मागे टाकत. एकदा एका सायकलवाल्याने खिडकीशी येऊन, काकाला म्हणतात तसं अम्मी म्हणत, अदबीने विचारलं, "अम्मी, काही मदत हवीय का?"

"कुठे निघालास दाऊ?" लोक ओरडून विचारत.

"कुठेच नाही!"

"मग वेळेवर पोचशील!"

वर मबरूकाच्या अंगणात अंजीर पिकले. तिने ते चटईवर वाळत घातले. दर सकाळी ती कड्यावर येऊन उभी राही. खाली सपाटीवर एक निळा ठिपका मुंगीसारखा जाताना दिसे आणि परत येताना दिसे. ती शेजारणींना सांगे, "तो बघा, माझा भाऊ लोणचं मुरवतोय."

सहाशे चाळीस किलोमीटर झाले त्या दिवशी वरच्या चार घरांतला सगळ्यात जुना माणूस, हाज ताहर, सकाळची भाकरी तेलात बुडवता बुडवता गेला.

त्याचा मुलगा अमारा दुपारच्या आधी धावत खाली आला. पायात एकच वहाण होती.

"अम्मी दाऊ, बाबा गेले. टाकी कोरडी आहे. आंघोळ घालायला पाणी नाही."

ऑगस्टचं ऊन. मयत तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजापर्यंत मातीला लागायला हवं. आणि नुसती आंघोळ नाही. सगळ्या खालच्या तामलिलने वर जायचं, हातपाय धुवायचे, माणसांसाठी कुसकुस शिजवायचं. दाऊने बेलगासमकडे पाहिलं. बेलगासम रेडिएटरकडे पाहत होता.

"कॅन भरू," बेलगासम म्हणाला. "चार कॅन. चार माणसं उचलून नेतील."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं गाढवांवर. फेऱ्या करतील."

"उस्ता, गाढवं एका फेरीला तीन तास घेतात."

बेलगासमने रेडिएटरवर हात ठेवला. मग म्हणाला, "गाडीवर टाकी चढव. पण अर्धी भर. सावकाश ने. मी शेजारी बसतो. मी म्हणेन तिथे थांबायचं."

हजार लिटरची टाकी मागे चढवली, नळाला पाइप लावला. पाणी निम्म्यावर आलं. दाऊने पाइपला हात घातला आणि त्याचा हात तसाच राहिला.

तामलिलमध्ये मयताच्या दारी अपुरं भांडं नेत नाहीत. घागर असो, हंडा असो, काठोकाठ भरूनच न्यायचा. अर्धं भांडं घेऊन जो येतो तो उरलेलं भरायला घरातल्या आणखी एकाला मरणाकडे बोलावतो, असं तिथलं लहान मूलसुद्धा मानतं. अमारा बाजूला उभा होता, त्याने तोंड दुसरीकडे वळवलं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर नुसता तोच धाक नव्हता. वर्षभर ती चार घरं कड्यावरून वाट बघत होती. दुरुस्त होऊन पहिल्यांदा गाडी मानेतून वर जाणार, आणि टाकी अर्धी?

"दाऊ," बेलगासम म्हणाला. "पाइप काढ."

दाऊने पाइप काढला नाही. पाणी वरून सांडेपर्यंत तो धरून उभा राहिला.

बेलगासम गाडीत जाऊन बसला. टाकीला टेकून तीन म्हाताऱ्या बायका चढल्या, त्यांना चालवत नव्हतं. त्यांना उतरा म्हणायची जीभ कोणाला होती?

पहिले तीन किलोमीटर गाडी अशी चढली की दाऊला गाणं सुचलं, पण मयताला जाताना गात नाहीत म्हणून त्याने दात आवळले. डिझेलला कंबर असते ते खरंच होतं. चौथ्या किलोमीटरला तापमानाचा काटा सरकू लागला. पाचव्याला तो टोकाला टेकला आणि आत गरम लोखंडाचा वास आला.

"थांबव. अर्धा तास निवू दे."

"असर होईल, उस्ता."

"दाऊ, पिस्टन फुगतोय. मला ऐकू येतंय."

"मान तर समोर आहे. मान ओलांडू, मग थांबू."

गाडी दोन धोंडींमधून शिरली. डाव्या बाजूला वीतभर, उजव्या बाजूला वीतभर. पलीकडे निघाली तशी वरून बायकांचा रडण्याचा आवाज आला आणि त्यातच एकीने चुकून आनंदाची किलकारी दिली. मबरूकाच असावी. आणखी चाळीस पावलं. मग इंजिनातून एक लांब किंचाळी आली, एक ठोका पडला, आणि एवढी शांतता झाली की टाकीतलं पाणी हिंदकळताना ऐकू आलं.

गाडी मागे घसरली नाही. ब्रेक नवे होते.

बेलगासम खाली उतरला, चाकांना दगड लावले आणि बॉनेट न उघडता एका खडकावर जाऊन बसला. त्याने सिगारेट पेटवली, आणि दाऊकडे पाहिलं नाही.

पुढचं काम माणसांनी केलं. गाडीपासून हाज ताहरच्या दारापर्यंत रांग लागली. घागरी, डबे, बादल्या हातोहात वर गेल्या. म्हाताऱ्याला शेवटची आंघोळ घातली, भरपूर पाण्याने. असरच्या आधी तो मातीत गेला. कुसकुस शिजलं. उरलेल्या पाण्याने चारही घरांचे रांजण काठोकाठ भरले. किती वर्षांत ते एकदम भरले नव्हते. दाऊ जेवला नाही. एकेका घरात जाऊन रांजणाच्या तोंडावर हात ठेवून बघत होता, पाणी कुठवर आलंय ते.

तिसऱ्या दिवशी बेलगासमने वरच, रस्त्यात, इंजिन उघडलं. बराच वेळ वाकून पाहिलं.

"दोन पिस्टन लायनरला मिठी मारून बसलेत. त्यांचा निकाह लागलाय. तलाक होणार नाही."

"घासून निघतील?"

"क्रँकलाही चरे पडलेत."

"दुसरं इंजिन बघू. त्या हद्दाकडे..."

"हद्दाकडे आता नुसत्या कोंबड्या आहेत, दाऊ." बेलगासमने हात फडक्याला पुसले. हात होते तेवढेच काळे राहिले. "मला आणखी एक हिवाळा जमायचा नाही. डोळे गेलेत माझे. शेवटचे बोल्ट मी बोटांनी बसवले, तुला सांगितलं नव्हतं."

दाऊला त्याच्यावर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ओरडण्यासारखं कोणी नव्हतं. पाइप त्यानेच धरला होता.

मयताचे तीन दिवस सरले आणि अमाराने आईला खाली न्यायचं ठरवलं. तो उतरणार म्हटल्यावर दुसरं घर उतरलं, मग तिसरं. त्यांचं सामान गाढवांवरून मानेपर्यंत, आणि मानेखालून रुंद पिकअपमध्ये. मबरूका आठ दिवस एकटी राहिली. रांजण भरलेला होता, तिला पाणी पुरत होतं. नवव्या दिवशी दाऊ चालत वर गेला तेव्हा ती आपल्या विणायच्या मागाच्या दांड्या सोडून, दोरीने बांधून बसली होती. वाळलेले अंजीर डब्यात भरलेले.

"लल्ला, मी रोज चालत येईन. पाठीवर आणेन पाणी," दाऊ म्हणाला. थोरल्या बहिणीला तो मानाने लल्ला म्हणे.

"किती दिवस? तुझ्या पाठीचे ब्रेक नवे आहेत का?" ती म्हणाली. मग हळू आवाजात : "पाणी नाही रे खुया. सकाळी उठून खाकरले तर उलट कोणी खाकरत नाही. आठ दिवस ऐकलं मी."

त्याने दांड्यांच्या दोरीची गाठ आणखी आवळली.

"ती गाडी तोंड वर करून उभी आहे," मबरूका म्हणाली. "तिला फिरव. उताराला इंजिन लागत नाही."

खालून दहा-बारा माणसं आली. त्यांनी रिकामी टाकी उतरवली आणि 'या रब्बी' म्हणत गाडीचं मागचं अंग उचलून उचलून फिरवलं. मागाच्या दांड्या चढल्या, जातं चढलं, गाद्या, दोन शेळ्या, आणि रांजण. रांजण मबरूकाने रिकामा करू दिला नाही. त्यात अजून अर्धं पाणी होतं. तो तसाच, अपुरा, तोंडाला फडकं बांधून ठेवला. वर आता बोलावून नेण्यासारखं कोणी नव्हतं.

ती पुढे दाऊच्या शेजारी बसली. दाऊने चाकांचे दगड काढवले. गाडी हलली. आवाज नाही, धूर नाही, नुसता चाकांचा खडीवर चुरचुरणारा सूर आणि मागे शेळ्यांचं बेंबें. मानेतून ती अलगद निघाली. दाऊ ब्रेक दाबायचा, सोडायचा, दाबायचा. ब्रेक लोण्यासारखे होते. सहा किलोमीटर त्याने तिला एकही धक्का बसू दिला नाही.

"चांगली चालते," मबरूका म्हणाली.

"हो."

"आधीपासून अशीच चालवायचीस. उगाच इंजिन घातलंस."

तिला हसवायचं होतं. तो हसला नाही, मग तीही खिडकीबाहेर पाहू लागली.

सपाटीला लागल्यावर गाडीचा वेग उतारावरच्या आठवणीवर थोडा टिकला, मग कमी कमी होत गेला. दाऊने ब्रेकवरून पाय काढून घेतला. सिमेंटच्या नव्या घरांची ओळ समोर दिसत होती, तिचं घर शेवटचं, निळ्या दाराचं. गाडी पहिल्या घरापाशी आली, दुसऱ्यापाशी आली, चौथ्यापाशी अगदी माणसाच्या चालीने आली, आणि थांबली. शेवटचं घर साठ पावलं दूर राहिलं.

मबरूका उतरली नाही. तिने समोरच्या काचेतून ते निळं दार पाहिलं आणि विचारलं, "झालं?"

"झालं."

चहाच्या दुकानातली माणसं आली, सामान उचलायला लागली. बेलगासमही आला. त्याने उघड्या दाराच्या आतल्या खडूच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. शेवटचा आकडा सहाशे चाळीस होता.

दाऊने खिशातून खडूचा तुकडा काढला. चढाचे सहा लिहिले. मग खाली उताराचे सहा लिहिले.

"उताराचे कसले धरतोस?" बेलगासम म्हणाला. "इंजिन बंद होतं."

"मुरायला अजून साडेतीनशे राहिलेत, उस्ता," दाऊ म्हणाला, आणि दार लावून घेतलं.